बाबांचे खाडे

पत्र

ताई, मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, वय ३९, एका ऑफिसात अकाउंट्स बघते. गेली दोन वर्षं रात्री जेवणं आवरली की मी एक कादंबरी लिहितेय, नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी. जुई नावाची अकरा वर्षांची मुलगी, नाशिकरोडला चाळीत राहणारी. तिचे बाबा वाईट नाहीत, हात उचलत नाहीत, पण बोललेलं कधी करत नाहीत. सायकल आणतो म्हणतात, गॅदरिंगला येतो म्हणतात, येत नाहीत. दर सहा महिन्यांनी नवा धंदा. आई कंपनीत शिफ्टला जाते आणि 'बाबांना काम निघालं गं' एवढंच म्हणते. आजीला मुलाचं सगळंच बरोबर वाटतं. मग किचनमधल्या कॅलेंडरवर आई जिथे दुधाचे खाडे मांडते तिथेच जुई पेन्सिलने बाबांचे खाडे मांडायला लागते.

मैत्रिणीला वाचायला दिली तर ती म्हणाली शेवटी बाबांना सुधारव, मुलांचं पुस्तक आहे, गोड शेवट पाहिजे. ओळखीच्या एक शिक्षिका म्हणाल्या, आपली परंपरा 'श्यामची आई'ची आहे, आईवडिलांबद्दल असं मुलांच्या हातात देऊ नये. आणि माझ्या मुलाने (वय १०) मला न विचारताच वाचली आणि म्हणाला, आई, हे आजोबा आहेत ना? मी म्हणाले, नाही रे, काल्पनिक आहे.

खरं तर आहेतच. आणि अजून तसेच आहेत. मागच्या रविवारी त्याला पांडवलेणीला नेणार होते. पोरगं टोपी घालून, बाटली गळ्यात अडकवून साडेआठपासून गेटवर उभं. आजोबा फोनवर 'द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलोय', दहाला पण द्वारकेलाच, अकराला फोन बंद. मी त्याला सांगितलं आजोबांना बरं नाहीये. ताई, शेवट बदलू का? मुलाला काय सांगू? आणि छापायच्या आधी बाबांना वाचायला द्यावी का?

उत्तर

अगं, तुला अहो-जाहो करत बसले तर हे पत्र सरकारी नोटिशीसारखं होईल म्हणून सरळ अगं-तुगं करते, वयाने मी तुझ्या आईच्याच आसपास असेन. तू सोबत पाठवलेली पहिली सहा प्रकरणं आणि शेवटचं एक, सगळं वाचलं, दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन.

आधी ते द्वारकेचं. मी हसले, खोटं कशाला बोलू. नाशिकमध्ये ज्याला कुठेच पोचायचं नसतं तो द्वारकेला अडकलेला असतो. पण हसून झाल्यावर लक्षात आलं की ही थाप किती भारी आहे, कारण ती दरवेळी खरी असू शकते. द्वारकेला माणूस अडकतोच ना? मग गेटवर उभ्या पोराने रागवायचं तरी कसं? कदाचित आजोबा खरंच अडकले असतील, आणि मी उगाच चिडलो तर मीच वाईट. शब्द न पाळणाऱ्या माणसांची कारणं नेहमी अशी असतात, अगदी पटणारी, आणि मुलाला ती पडताळून बघायची काही सोय नसते. तुझ्या जुईकडे ती सोय आहे, कॅलेंडर. म्हणून मला ते खाड्यांचं इतकं आवडलं. खाडा हा शब्दच बघ ना, त्यात शिवी नाही, आरोप नाही, दूधवाला आला नाही तर खाडा, बाई आली नाही तर खाडा, महिन्याअखेरीला पैसे तेवढे वजा, विषय संपला. अकरा वर्षांच्या मुलीला बाबांबद्दल काहीच वाईट बोलायची परवानगी नसताना तिला हा एक शब्द सापडतो. हे तुला सुचलं की खरंच तू केलं होतंस ते मी विचारत नाही.

आता शेवट. बाबांना सुधारू नकोस.

गोड शेवटाला माझा विरोध नाही, मी स्वतः मारामारीची पुस्तकंही शेवटचं पान आधी बघून वाचते. प्रश्न हा की तुझं पुस्तक हातात कोण घेणार. पंचवीस मुलांच्या वर्गात चार-पाच जणांच्या घरी कोणीतरी असा द्वारकेला अडकलेला असतोच, बाबा, काका, कधी आईसुद्धा, आणि नेमकं तेच पोर हे पुस्तक दोनदा वाचणार. तुझ्या शेवटच्या प्रकरणात (तो दुसरा पर्याय म्हणून जोडलेला) काय होतं? जुई रडत रडत पत्र लिहिते, बाबा ते वाचतात, त्यांचे डोळे उघडतात, सायकल घेऊन दारात. ठीक. हे वाचून ते चौथ्या बाकावरचं पोर घरी जाऊन काय करेल? पत्र लिहील. आणि त्याचे बाबा ते पत्र वाचून घडी घालून खिशात ठेवतील, पाठीवर थाप मारतील आणि पुढच्या रविवारी परत येणार नाहीत. मग त्याला काय वाटणार, की जुईच्या पत्राने बाबा बदलले, माझ्या पत्राने नाही, म्हणजे माझंच काहीतरी कमी पडलं. आधीच ही मुलं रात्री अंथरुणात हाच हिशोब करत असतात, की मी दंगा केला म्हणून आले नाहीत का, मी मागच्या वेळी सायकल मागितली म्हणून कंटाळले का. त्यात आपलं पुस्तक भर नको घालायला. व्यसनाच्या घरातल्या मुलांबरोबर काम करणारे लोक मुलांना तीन वाक्यं शिकवतात: हे माझ्यामुळे झालेलं नाही, हे मला बरं करता येणार नाही, हे मला आवरता येणार नाही. तुझ्या गोष्टीत दारू नाही पण वाक्यं तीच लागू आहेत. भाषण म्हणून घालू नकोस मात्र, कुणाच्या तोंडी जशीच्या तशी घातलीस की पोरं पान उलटतात, मी बघितलंय.

आणि बाबांना खलनायकही करू नकोस, तो मोह तुला चौथ्या प्रकरणात झालाय. पैशाच्या डब्यातले पैसे ते चोरतात, तो सीन. तिथे मला तू मोठी होऊन सूड घेताना दिसलीस, जुई दिसली नाही. अगं, बाबा सरळ वाईट असते तर जुईचं काम सोपं होतं, तिने पाठ फिरवली असती आणि कादंबरी तीस पानांत आटोपली असती. त्रास हा आहे की ते आले की घरात दिवाळी असते. पहिल्या प्रकरणात ते पावसात भिजत येतात आणि भिजलेल्या पुडक्यातली गरम भजी कढईतून आत्ताच काढल्यासारखी 'अहाहा' करत वाटतात आणि आजीसुद्धा हसते, ते पान तुझ्या अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे. असं अजून एक पान पाहिजे, मध्यावर कुठेतरी, जिथे ते चक्क येतात. वेळेवर येतात. कारण कधीच न येणाऱ्या माणसाची कोणी वाट बघत नाही, वाट कधीतरी येणाऱ्याचीच बघितली जाते, आणि त्या एका वेळेवर जुई पुढचे सहा महिने काढेल.

तुझ्या शिक्षिकाबाईंचं. त्यांना म्हणावं 'श्यामची आई' परत एकदा वाचा. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये इथेच, आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि आपण त्यातलं तेवढं 'पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनाला जप' पाठ केलं आणि बाकीचं सोयीने विसरलो. त्यात वडिलांचं कर्ज आहे, सावकाराचा माणूस दारात येऊन वाट्टेल ते बोलतो ते आहे, आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो हे आहे. मोठ्यांचं चुकतं, मोठे हरतात, आणि पोर ते डोळ्यांनी बघतं, हे मराठी मुलांच्या पुस्तकात तेव्हापासून आहे. परंपरेचं नाव घेतलंच आहे तर पुरतं घ्यावं.

आजीबद्दल एक गंमत सांगू का, विषयाला सोडून आहे पण नाहीही. तुझा मुलगा ज्या पांडवलेणीला जायला टोपी घालून उभा होता ना, तिथे २४ लेणी आहेत, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलगा गेल्यावर, नातवाच्या काळात, तिने लेणं दान दिलं आणि मुलाचं कौतुक दगडात कोरून घेतलं, असा शूर, तसा दयाळू, आईची सेवा करणारा. म्हणजे घरातल्या मुलाचे गुण नातवंडांना ऐकवायची पद्धत आपल्याकडे कमीत कमी अठराशे वर्षांची आहे, तुझ्या जुईची आजी त्यात एकटी नाही. तिचा राजा राजा होता, हा फरक सोड. पण सांगायचं हे की आजीला मूर्ख करू नकोस, तिला मुलगा तसाच दिसतो, खरंच दिसतो, आणि जुईला ते समजत नाही एवढंच लिही.

आता ते लाडू. तिसऱ्या प्रकरणात आत्या जुईला दोन लाडू देते, एक आत्ता खा आणि एक बाबा आले की दोघं मिळून खा, आणि आत्याची पाठ वळायच्या आत जुई दोन्ही लाडू उभ्याउभ्याच खाऊन टाकते. समासात तू लिहिलंयस, 'हे काढू का? जुई हावरट वाटते.' वेडी आहेस का! मुलांना गोळी (मार्शमॅलो) देऊन थांबायला लावायचा तो प्रयोग तुला माहीत असेल, आत्ता एक खा किंवा थांबलास तर दोन मिळतील, आणि थांबणारी मुलं म्हणे शहाणी. त्याच प्रयोगाची एक वेगळी तऱ्हा अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात केली गेली, २०१२ मध्ये ती बाहेर आली. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. त्यांना प्रयोग घेणाऱ्या बाईने आधी जुनेपाने खडू दिले आणि सांगितलं, थांबा, चांगले घेऊन येते. निम्म्या मुलांसाठी ती बाई चांगले रंग घेऊन आली. उरलेल्यांना येऊन म्हणाली, सॉरी, नाहीत माझ्याकडे. मग स्टिकरच्या बाबतीत परत तेच. आणि त्यानंतर ती गोळी समोर ठेवली. जिने शब्द पाळला तिच्यासाठी मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, आणि जिने फसवलं तिच्यासाठी ३ मिनिटं. मुलं तशीच होती, कोणी जास्त हावरट नव्हतं, त्यांनी फक्त समोरच्या माणसाचा आधीचा हिशोब बघितला. तुझी जुई तेच करतेय. बाबा येतील तेव्हाचा लाडू म्हणजे मुंग्यांचा लाडू, हे तिला अनुभवाने कळलंय. आणि तू तर हे वाचण्याआधीच लिहून बसलीस, मग कशाला काढतेस.

असंच अजून पाहिजे मला. तू आईच्या मनातली घालमेल पाच-पाच पानं लिहितेस, बाबांना लहानपणी काय सोसावं लागलं तेही लिहितेस, पण जुईला हे सगळं कुठून कळणार? तिला काय कळतं, तर बाबांची स्कूटर कोपऱ्यावर वळताना आवाज कसा येतो. चप्पल दारात नीट काढली की भिरकावली. किल्ली खिळ्याला लावली की टीव्हीवर टाकली. आपल्याकडे पावसाळ्यात लोक जसे गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघून येतात ना, पुराचं पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आज छातीला लागलं, तशी ही मुलं दिवसभर घरातल्या माणसांचं पाणी कुठपर्यंत चढलंय ते बघत असतात. फरक एवढाच की गंगापूर धरणातून पाणी सोडायचं असलं तर निदान आधी सांगतात किती क्युसेक सोडणार, टपरीवाले सामान वर घेतात. घरात क्युसेक कोणी सांगत नाही. तेव्हा जुईला खिचडीच्या शिट्ट्या मोजू दे, डायरीवर बाबांची सही गिरवायला शिकू दे (सगळे करतात, बाईंना कळतं, बाई बोलत नाहीत), आणि तिच्या या हुशारीचं कौतुक करायला कोणी येऊ देऊ नकोस, कारण अकराव्या वर्षी इतकं हुशार असावं लागणं ही काही बक्षीस द्यायची गोष्ट नाही.

मग आशा कुठे ठेवायची, हे तू विचारलं नाहीस पण मैत्रिणीच्या मनात तेच होतं आणि ती चूक नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अंधारात नेऊन सोडून यायचं नसतं. माझं म्हणणं, आशा बाबांवर ठेवू नको, शेजारच्या काकूंवर ठेव. त्या दोन पानांत येतात आणि जातात, त्यांना पुढे आण. हवाई बेटांमध्ये काउआई नावाचं बेट आहे, तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर संशोधकांनी पुढची कित्येक दशकं नजर ठेवली. त्यातली ज्यांची घरं फार अडचणीची, गरिबी, भांडणं, आजारपणं, व्यसन, त्यांच्यातली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही चांगली, धडधाकट माणसं झाली, आणि त्यांच्यात जे समान सापडलं त्यातली एक मोठी गोष्ट म्हणजे लहानपणी त्यांना निदान एक भरवशाचं माणूस होतं. आई किंवा वडीलच असंही नाही, आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. मला हे वाचून बरं वाटलं होतं, कारण एक माणूस म्हणजे काही फार मागणं नाही. पण काकूंना देवदूत नको करूस, त्यांनी जुईला सायकल घेऊन द्यायची नाही, बाबांना खडसवायचं नाही, जुईला जवळ घेऊन चार शहाणपणाचे शब्द तर अजिबात सांगायचे नाहीत. त्यांनी फक्त सहाला या म्हणायचं आणि सहाला दार उघडं असायचं. पहिल्या दिवशी जुई सहाला जाणारच नाही, बघ. ती साडेसहाला जिन्यातून बघून येईल दार खरंच उघडं आहे का. हे लिही.

आता जरा अवघड बोलते. तुझ्या पुस्तकात भरवशाचं नसलेलं मोठं माणूस एकच आहे असं तुला वाटतं. मला दोन दिसतात. बाबा येत नाहीत, ठीक. पण 'बाबांना काम निघालं गं' असं कोण म्हणतं? आई. तिला ठाऊक असतं काम निघालेलं नाही, जुईलाही ठाऊक असतं, आणि आईला ठाऊक आहे हेही जुईला ठाऊक असतं, आणि तरी दोघी ते वाक्य मधे ठेवून जेवायला बसतात. बाबांच्या खाड्याने जुईचा रविवार जातो. आईच्या त्या वाक्याने मात्र तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो, मला दिसतंय ते खरं की आई सांगते ते खरं.

आणि तू मुलाला सांगितलंस आजोबांना बरं नाहीये.

रागवत नाहीये गं. मीही हेच केलंय आणि मी तर बाहेरची होते. मी २२ वर्षं एका शाळेची लायब्ररी सांभाळली. पाचवीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे येऊन बसायचा, वडील न्यायला येणार असायचे आणि साडेपाच, पावणेसहा, कधी सहा वाजायचे. दप्तर पाठीवरून काढायचा नाही, तसाच खुर्चीच्या टोकावर, कारण ते कोणत्याही क्षणी येतील. दप्तर पाठीला असल्यामुळे त्याला पुस्तक नीट धरताही यायचं नाही, कोपर टेबलावर टेकवून मान वाकडी करून वाचायचा. आणि मी आपली येताजाता म्हणायचे, येतील हं आता, निघालेच असतील. मला काय माहीत निघालेत की नाही? बोलायचं म्हणून बोलायचं. एक दिवस त्याने पुस्तकातून डोकं वर न काढता सांगितलं, "मॅडम, तुम्ही नका म्हणू. तुम्हाला माहीत नसतं." असं काही उद्धटपणे नाही, मला समजावून सांगितल्यासारखं. मला इतकी लाज वाटली. दुसऱ्या दिवशीपासून मी एवढंच म्हणायला लागले की मी सहाला कुलूप लावते, तोपर्यंत मी आहे. आणि एकदा भाच्याच्या साखरपुड्याला लवकर निघायचं होतं तर आदल्या दिवशी सांगून ठेवलं की उद्या मी पाचलाच जाणार, तू ऑफिसपाशी बस. त्याने मान डोलावली. काही आठवड्यांनी एक दिवस बघते तर दप्तर खाली, खुर्चीच्या पायापाशी. वडील त्या दिवशीही सहालाच आले, त्यांच्यात काही बदल नाही. त्याला फक्त बसता यायला लागलं होतं.

तर शेवट मला असा दिसतो, घ्यायचा तर घे. बाबा परत एकदा येत नाहीत. जुई विचारते, येतील का गं? आणि आई पहिल्यांदा म्हणते, 'मला माहीत नाही.' बस. तुझ्या दोनशे पानांत बदलणारं माणूस आईच असू दे, कारण बाबा बदलणं कोणाच्याच हातात नाही आणि आईने खरं बोलणं आईच्या हातात आहे. मग नव्या वर्षाचं कॅलेंडर लागतं आणि त्यावर खाडे दुधाचेच मांडले जातात की बाबांचेही, ते तुझं तू ठरव, मी तिथे पेन्सिल ठेवते. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर प्रकाशकाला सांगून १०९८ नंबर छापून घे, मुलांची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. जुईच्या घरी मारहाण नाही, पण वाचणाऱ्या सगळ्यांच्या घरी नसेलच असं नाही, आणि तुझ्या घरी तसं काही असतं तर माझं हे उत्तरही वेगळं असतं.

मुलाला काय सांगायचं ते आता वेगळं सांगायला नकोच खरं तर. त्याने विचारलं होतं हे आजोबा आहेत ना. उत्तर 'हो, थोडे आजोबा, थोडी गोष्ट.' कधी सांगू, कसं सांगू, म्हणून मुहूर्त बघू नकोस, समोरासमोर बसवून तर अजिबात नाही, स्कूटरवर मागे बसलेला असताना सांग, म्हणजे कोणाला कोणाचं तोंड बघावं लागत नाही. आणि हेही सांग की मागच्या रविवारी आजोबांना बरं नव्हतं असं मी म्हणाले ते खरं नव्हतं, ते का आले नाहीत मला माहीत नाही. तो म्हणेल 'मला माहीत होतं.' म्हणू दे. लगेच आजोबांची बाजू मांडायला जाऊ नकोस, ते तुझ्यावर खूप प्रेम करतात वगैरे, ते त्याला माहितीये, तेच तर अडचणीचं आहे.

पुढच्या वेळेसाठी एक साधी युक्ती. आजोबा येणार म्हणाले की मुलाला म्हणायचं, आजोबा म्हणालेत, येतील की नाही मला माहीत नाही, आपण साडेनऊपर्यंत थांबू, नाही आले तर आपण दोघं निघू. आणि साडेनऊला निघायचंच, आजोबा फोनवर द्वारकेला असोत नाहीतर मुंबई नाक्याला. गेटवर उभं नाही करायचं, घरात खेळत असू दे. उशिरा आले तर लेण्यांवर भेटतील, पायऱ्या त्यांनाही चढता येतात.

बाबांशी भांडू नकोस, चाळीस वर्षांत जे झालं नाही ते आता एका फोनवर होणार नाही. एकच गोष्ट माग आणि ती पाठ धरून माग, की नातवाला आधी काही सांगायचं नाही. यायचं असलं तर दारात येऊन उभं राहायचं आणि मग म्हणायचं चल. अशी माणसं न सांगता येतात तेव्हा छान येतात, तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहितीये, ती भज्यांची पुडी कोणी कबूल केली नव्हती.

छापण्याआधी त्यांना वाचायला द्यायची का, तर परवानगी म्हणून नको. स्कूटर बदल, धंदा बदल, नाशिकरोडची चाळ बदलून दुसरीकडे ने, ते लपवण्यासाठी नाही, बदललंस की तू जरा मोकळी होशील आणि ते चोरीच्या सीनसारखे सीन आपोआप गळतील. पुस्तक आलं की एक प्रत त्यांच्या घरी ठेवून ये. 'वाचतो' म्हणतील. त्याचा हिशोब ठेवू नकोस.

आणि अजून एक, पुन्हा लिहायला घेण्याआधी एखाद्या शनिवारी सावानाच्या, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या, बालविभागात जाऊन नुसती बस. १८४० सालचं वाचनालय आहे आपलं, माझ्या लहानपणी मी तिथे बाकावर पाय लोंबकळत बसायचे. दहा वर्षांचं मूल पुस्तक कसं निवडतं ते बघ, उभ्याउभ्या पहिलं पान वाचतं, जमलं तर खाली बसतं, नाही तर परत कपाटात. तुझं पहिलं पान सध्या नाशिकच्या थंडीच्या वर्णनाने सुरू होतं. ती थंडी काढ आणि ओली भजी पहिल्या ओळीत आण.

लाडू दोन्ही राहू देत. एकही काढायचा नाही.